आज कितवे तुम्ही?

चष्मेवाल्याची बायको गणिताची शिक्षिका होती. गणिताच्या शिक्षिकेशी लग्न केलेल्या माणसाने निदान आकड्यांत तरी खोटं बोलू नये, एवढी साधी अक्कल त्याला बावीस वर्षांत आली नव्हती. "दोनच ग्लास घेतले," असं तो म्हणायचा. ती बाटली उजेडात धरायची, पातळी बघायची आणि शांतपणे सांगायची, "सहा." तिने कधी भांडण केलं नाही, रडारड केली नाही, भांडी आपटली नाहीत. एका सकाळी तिने बॅग भरली, दारात ठेवली आणि फळ्यावर गृहपाठ लिहून द्यावा तशा आवाजात म्हणाली, "मी ताईकडे जातेय. एक थेंब न घेता शंभर दिवस काढा. शंभर झाले की मी येईन. नव्व्याण्णव झाले म्हणून फोन करू नका."

"आणि नाहीच झाले तर?"

"तर ताईकडे खोली मोठी आहे. तुमच्या साडूंनी कपाटसुद्धा रिकामं करून ठेवलंय."

ते कपाट चष्मेवाल्याच्या काळजात घुसलं. साडू हा माणूस आयुष्यात कुणासाठी खुर्चीसुद्धा रिकामी करत नसे.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला: टाइल्सचं दुकान, मागचा जिना, वरचा मजला, रोज संध्याकाळी सहा. तिथे दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, रोज जायचं, बाकी काही विचारू नका, असं वर बजावलं. पत्ता सरळ होता, पण जाणारा माणूस सरळ नव्हता. पहिल्या दिवशी चष्मेवाला दुकानाभोवती चार चकरा मारून आला. ना पाटी, ना बाण. दुकानदार बघतोय असं वाटल्यावर चोराच्या मनात चांदणं, म्हणून तो आत शिरला आणि न्हाणीघराच्या टाइल्स दाखवा म्हणाला. नमुना घेऊन घरी आला आणि नमुन्याकडे बघत प्यायला. दुसऱ्या दिवशी निळा नमुना आणला. तिसऱ्या दिवशी दाणेदार. चौथ्या दिवशी, अजून काही न घेता, काउंटरला रेलून तो म्हणाला, "माझा एक मित्र आहे. त्याला जरा त्रास आहे. तर वर म्हणे काहीतरी..."

"साहेब," दुकानदार म्हणाला, "तुमच्या मित्राला म्हणावं, तिसरी पायरी फुटलीय, जपून चढ. वर सगळ्यांचे मित्रच बसलेत."

वरची खोली लांबुडकी होती. एका भिंतीला टाइल्सची खोकी छातीपर्यंत रचलेली आणि समोर अकरा खुर्च्यांची वाकडी रांग. एक टोक खिडकीशी, दुसरं दाराशी. खिडकीशी एक सुकलेले, ताठ म्हातारबुवा बसले होते. सगळे त्यांना आजोबा म्हणत. आयुष्यभर त्यांनी घरोघर जाऊन पाण्याची मीटरं वाचली होती.

"नमस्कार," चष्मेवाला म्हणाला, "मी..."

"थांबा!" आजोबांनी असा हात वर केला, की रस्ता ओलांडणारा माणूससुद्धा थांबला असता. "नाव सांगायचं नाही. आज कितवे तुम्ही?"

"कितवा म्हणजे?"

"न घेता काढलेला आजचा दिवस कितवा?"

"पहिला," चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे, आता सहा वाजलेत, तोवरचा तरी."

"मग तुमचं नाव एक. उद्या दोन. मी चार हजार दोनशे एकोणीस. हे बेकरीवाले, चारशे आठ. हे बसचे ड्रायव्हर, त्रेपन्न. नावात काय असतं? घराण्याचा माज असतो, नाहीतर घराण्याची लाज. आकडा खोटं बोलत नाही."

तर अशी त्या खोलीची रीत होती. प्रत्येकाचं नाव रोज एकाने वाढायचं. खुर्च्याही आकड्याप्रमाणे. मोठा आकडा खिडकीशी, लहान दाराशी. ज्याचा पाय घसरला त्याने कप हातात घेऊन उठायचं, सगळ्यांच्या समोरून चालत दाराशी जायचं आणि म्हणायचं, "आज मी शून्य." कुणी रागावायचं नाही, कुणी उपदेश करायचा नाही. फक्त बघायचं. ज्याने ही रीत काढली त्याला माणसाच्या नजरेचं वजन माहीत नव्हतं, किंवा फार चांगलं माहीत होतं.

चष्मेवाला दाराजवळच्या खुर्चीकडे वळला, कारण एकच्या खाली कोण असणार? पण तिथे आधीच एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, नखांत माती, पदराला वाळलेलं पान चिकटलेलं. त्यांची झाडांची रोपवाटिका होती.

"सकाळीच माझा पाय घसरला," त्या म्हणाल्या. "आज मी शून्य. तुम्ही माझ्या वर बसा."

तो वर बसला. खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. जगात आपल्याही खाली कुणीतरी आहे, या भावनेसारखं टॉनिक नाही. त्या संध्याकाळी तो घरी आला आणि तिन्ही टाइल्सचे नमुने समोर मांडून नुसताच बसला.

नव्याचे नऊ दिवस बरे गेले आणि दहाव्यापासून त्या रीतीचे खरे चटके बसू लागले. त्या दिवसाचं आपलं नाव विसरलं की सभेत जाता येत नसे. बेकरीवाला एकदा पावाच्या भट्टीपाशी उभा राहून "चारशे सतरा की अठरा?" असं मोठ्याने विचारत होता, आणि हे आपल्याच पावांचे आकडे समजून गिऱ्हाइकाने घाबरून ऑर्डर रद्द केली. कुणाला फोन करायचा तर आधी बेरीज करायला लागे. "चोवीस आहेत का?" असं विचारलं की पलीकडून उत्तर यायचं, "ते परवा होते."

सभेबाहेर ओळख दाखवायची नाही, असाही नियम होता. विसाव्या दिवशी ड्रायव्हर चष्म्याच्या दुकानात आला, अनोळखी माणसासारखा घसा खाकरला आणि काच बदलायला टाकली. नाव विचारल्यावर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "बहात्तर." चष्मेवाल्याने पाकिटावर बहात्तर लिहिलं. तीन दिवसांनी ड्रायव्हर परत आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "पंचाहत्तर." पंचाहत्तर नंबरच्या पावतीवर एका आजीबाईंचा वाचायचा चष्मा तयार होता. तो घेऊन ड्रायव्हर गेला आणि उरलेला आजीबाईंनी नेला. पुढचे दोन दिवस सहा नंबरची बस प्रत्येक थांब्याच्या वीस पावलं पुढे जाऊन थांबत होती आणि आजीबाईंना घरातून समोरच्या टेकडीवरची झाडं मोजता येत होती. दोघांचीही तक्रार नव्हती. तक्रार प्रवाशांची होती.

पण चष्मेवाल्याचे हात थरथरायचे थांबले. फ्रेमच्या काडीचा स्क्रू म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढा. गेली चार वर्षं तो पहिल्या फटक्यात भोकात जात नव्हता, जमिनीवर पडायचा, आणि चष्मेवाला गिऱ्हाइकासमोर गुडघ्यांवर रांगायचा. आता स्क्रू गपकन बसू लागले. रात्री झोप येऊ लागली. भाजीला चव लागू लागली, आणि आपण केलेली भाजी किती वाईट असते तेही त्याला प्रथमच कळलं.

दर रविवारी बायकोचा फोन यायचा. "आज?" ती विचारायची. "चौदा." "बरं." आणि फोन बंद. पुढच्या रविवारी "एकवीस", "बरं". एवढ्याशा "बरं"साठी तो आठवडाभर जीव मुठीत धरून बसायचा.

रोपवाटिकेच्या ताईंचं मात्र काही खरं नव्हतं. सहापर्यंत जायच्या, नऊपर्यंत जायच्या, एकदा तर एकोणीसपर्यंत पोचल्या. मग एखादा नवा माणूस बिचकत दारात उभा राहायचा, आणि नेमका त्याच दिवशी ताईंचा पाय घसरलेला असायचा. कप घेऊन त्या उठायच्या आणि दाराशी जाऊन बसायच्या. "बाईचं नशीबच फुटकं," बेकरीवाला हळहळायचा. इतक्या दिवसांत खाली जाताना चष्मेवाल्याने ताईंनाच तेवढं पाहिलं. बाकी सगळे मीटरच्या काट्यासारखे वर वर चढत होते.

त्रेसष्टावा दिवस रविवार होता. फोन आला. "आज?"

"त्रेसष्ट," तो म्हणाला, आणि तिने "बरं" म्हणायच्या आत धीर करून एका ड्रायव्हरच्या चष्म्याची गोष्ट सांगून टाकली. नाव सांगायचा प्रश्नच नव्हता. मग बायको हसली. चांगली खदखदून, श्वास लागेपर्यंत हसली, आणि मागून साडूचा आवाज आला, "काय झालं काय?"

चष्मेवाल्याने फोन ठेवला. आपण तिला हसवू शकतो हे तो पार विसरून गेला होता. त्याला इतका आनंद झाला, इतका झाला, की तो कुठे ठेवावा हेच कळेना. दुःखात प्यायची नाही, हे त्याला त्या खोलीत बासष्ट दिवस शिकवलं होतं. आनंदाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. दुपारी तीन वाजता तो बाटली घेऊन आला आणि चार वाजता आपल्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून स्वतःला शिव्या देत होता.

त्या संध्याकाळी तो सभेला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ठरवून गेला. वाक्य घोकून ठेवलं होतं: काल मी शून्य होतो, आज एक. फुटकी पायरी ओलांडली, दार ढकललं, तोंड उघडलं.

"या, चौसष्ट!" आजोबा गरजले. "बुद्धिबळाचा पट पुरा झाला! काल कुठे होतात? ताप? आम्हाला वाटलंच!"

बेकरीवाल्याने मुद्दाम काळ्या-पांढऱ्या चौकटींची बिस्किटं करून आणली होती. त्यातलं एक त्याने कौतुकाने चष्मेवाल्याच्या उघड्या तोंडात घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोंडात बिस्किट असताना माणूस कबुली देणार तरी कशी? चावून होईपर्यंत विषय पुढे गेला होता. आणि पासष्टाव्या दिवशी सांगायचं तर चौसष्टाव्या दिवशी का नाही सांगितलं, हेही सांगायला लागणार होतं. सहासष्टाव्याला दोन दिवसांचं. खोट्याला व्याज लागतं ते असं.

त्यानंतर त्याने एक थेंब घेतला नाही. पण आता तो एक माणूस राहिला नव्हता, दोन झाले होते. टाइल्सच्या दुकानाच्या वर एक ऐंशी नावाचा गृहस्थ बसायचा, लोक त्याचं कौतुक करायचे. आणि चष्म्याच्या दुकानात, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यामागे, पेन्सिलीच्या सतरा रेघा असलेला दुसराच कुणीतरी राहायचा. रविवारी बायको विचारायची, "आज?" तर उत्तर कुठल्याने द्यायचं, हा रोजचाच पेच. उत्तर पहिलाच द्यायचा. "चौऱ्याऐंशी." "बरं." आणि ते "बरं" आता हसरं असायचं, हे तर अगदीच सहन होत नसे. सांगितलं तर ती येणार नाही. नाही सांगितलं तर ती येईल, पण येईल ती ऐंशी-नव्वद नावाच्या त्या गृहस्थाकडे. चष्मेवाल्याला त्या माणसाचा मनापासून राग येऊ लागला.

शंभरी भरली की घरच्या माणसाला सभेला बोलवायचं आणि त्या एका दिवसापुरतं खिडकीशी, आजोबांशेजारी बसायचं, बाकीच्यांनी एकेक खुर्ची खाली सरकायचं, ही तिथली दुसरी रीत. आजोबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात बायकोला पत्र टाकलं. उत्तरात एकच शब्द आला: "येते."

ती आली. अंगावर इस्त्रीची साडी, हातात बॅग. खोक्यांशेजारी ठेवलेल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली आणि बॅग पायांशी ठेवली. बॅग जाताना होती त्याहून फुगलेली दिसत होती, म्हणजे ताईकडचं सगळं आवरून आली होती. मधल्या टेबलावर बेकरीवाल्याचा केक, त्यावर लाल क्रीमने घसघशीत शंभर. दाराशी रोपवाटिकेच्या ताई. आज चार.

"उठा," आजोबा म्हणाले. "‘आज मी शंभर’, एवढंच म्हणायचं. भाषण नको."

चष्मेवाला उठला. बायको त्याच्याकडे बघत होती. डोळ्यांवर त्यानेच बनवून दिलेला चष्मा होता, तीन वर्षांपूर्वीचा, आणि त्यातून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं याची त्याला खात्री होती. दुकानात डोळे तपासताना काही लोक खालची ओळ अंदाजाने ठोकून देतात. त्यांना तो गेली पंचवीस वर्षं एकच सांगत आला होता: अंदाजाने वाचू नका, दिसतं तेवढंच वाचा, नाहीतर चुकीचा चष्मा घेऊन जाल आणि भोगत बसाल.

"आज मी सदतीस," तो म्हणाला.

"शंभर," आजोबांनी हळूच आठवण करून दिली.

"सदतीस."

"अहो, केकवर शंभर लिहिलंय!" बेकरीवाला दुखावल्या आवाजात म्हणाला.

"त्रेसष्टाव्या दिवशी घेतली मी. तीन वाजता. दोन ग्लास." त्याची नजर बायकोकडे गेली. "चार," तो म्हणाला. "चार ग्लास. आणि सदतीस दिवस तुम्हा सगळ्यांना फसवलं."

बायकोचा चेहरा हलला नाही. तिने फक्त पायांशी असलेली बॅग थोडी जवळ ओढली, आणि चष्मेवाल्याला वाटलं, संपलं. साडूचं कपाट जिंकलं.

त्याने कप उचलला आणि रीतीप्रमाणे तो खाली चालू लागला. खुर्च्यांच्या रांगेसमोरून, एकेक जोडा ओलांडत. कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं, हे त्याला जरा विचित्र वाटलं. ड्रायव्हरपाशी येऊन तो थांबला. आज ड्रायव्हर होता एकशे बावन्न. "तुम्ही वर सरका," चष्मेवाला म्हणाला. "मी खाली बसतो."

ड्रायव्हर हलेना.

"सरका ना."

"कसा सरकू?" ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्या वर कसा बसू मी? मी एकोणतीस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे एकशे तेविसाव्या दिवशी... डेपोमागे. कुणाला बोललो नाही."

खाली दुकानदार गिऱ्हाइकाला टाइल ठोकून दाखवत होता. मग बेकरीवाल्याने कप खाली ठेवला. "मी पाचशे सात नाही," तो म्हणाला. "एकसष्ट. केक मी करीन हो दुसरा." रांगेत एक दंतवैद्य बाई होत्या, त्या उठल्या आणि म्हणाल्या, त्यांचं जरा गुंतागुंतीचं आहे, दारू भरलेली चॉकलेटं धरायची की नाही यावर त्यांचा आकडा अवलंबून आहे. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, त्याला स्वतःचा आकडा खरंच माहीत नाही, तो शेजाऱ्याच्या आकड्यात दहा मिळवून सांगतो. शेजारी म्हणाला, अरे देवा, आणि मी तुझ्यातून दहा वजा करून! आता जो तो कप घेऊन उठला, खाली निघाला आणि खालून वर येणाऱ्यावर आपटला. संगीत खुर्चीच होती ती, फक्त संगीत नव्हतं. दोघे एकाच खुर्चीसाठी भांडू लागले, आणि तेही कोण जास्त खालचा यावरून.

"बसा!"

आवाज चष्मेवाल्याच्या बायकोचा होता. जो जिथे होता तो तिथे बसला. एकजण खोक्यावर बसला, ड्रायव्हर जमिनीवर.

"काय हा गोंधळ!" ती म्हणाली. "मोठी माणसं तुम्ही, आणि साधे चढते-उतरते आकडे लावता येत नाहीत?" तिने खोक्यावर पडलेले टाइल्सच्या जुन्या दरपत्रकांचे कागद उचलले, फाडले आणि वाटले. "प्रत्येकाने आपला खरा आकडा लिहायचा. शेजाऱ्याचं बघायचं नाही. चॉकलेट धरायचं."

अकरा जणांनी मान खाली घालून लिहिलं. बेकरीवाल्याने डाव्या हाताने कागद झाकून घेतला. पाच मिनिटांत तिने कागद गोळा केले, टेबलावर लावले आणि एकेक वाचून माणसं जागेवर बसवू लागली. "तीन. दंतवैद्य बाई, पलीकडे. एकोणतीस, या. सदतीस." इथे तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, नुसतं बोटाने खुर्ची दाखवली. "एकसष्ट, केक बाजूला ठेवा. दोनशे बारा. दोनशे बारा कोण आहे?"

आजोबा खिडकीशेजारून उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"नातीच्या लग्नात," ते म्हणाले. "सरबताच्या बहाण्याने. मीटर कधी उलटं फिरत नाही, असं आयुष्यभर लोकांना ठणकावून सांगितलं. मग स्वतःचं कुठल्या तोंडाने फिरवू? माझ्याकडे बघून ही सगळी वर चढत होती."

खरं सांगायचं तर प्रत्येकजण आजोबांकडे बघूनच खोटं बोलला होता.

"आता हा शेवटचा," बायको म्हणाली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे कुणाचं? तीन हजार दोनशे एक्याण्णव? ताई, हा तुमचा कागद ना? तुम्ही आज चार. चार लिहायचं होतं, चार अंकी नव्हे."

"बरोबर आहे ते," रोपवाटिकेच्या ताई म्हणाल्या.

"अहो, कसं बरोबर असेल?"

ताईंनी पदर नीट केला. एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत याची त्यांना सवय होती, पण आजचं बघणं वेगळं होतं. "मी पहिल्यांदा आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या खाली कुणी नव्हतं. तीन दिवस या दारापाशी एकटी बसले. सगळी माणसं वर, मी खाली. चौथ्या दिवशी परत यायचं नाही असं ठरवूनच आले होते. तेवढ्यात एक जण दारात येऊन उभा राहिला. पाय आत येईना, बाहेर जाईना. माझ्या तोंडातून निघून गेलं, मी आज शून्य, तुम्ही माझ्या वर बसा. तो बसला. तो बसला म्हणून मीही बसले. मग सवयच लागली."

"तो मी," बेकरीवाला म्हणाला. त्याने केकवरची सुरी उगीचच उचलून परत ठेवली. "मी होतो तो. त्यानंतर कितीदा शून्यावर आलो, पण येत राहिलो."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही खोटं सांगताय?" बायकोने विचारलं. नोकरीत तिने मार्क वाढवून सांगणारी पोरं पोत्याने पाहिली होती. कमी करून सांगणारं तिला आजवर कुणी भेटलं नव्हतं, आणि अशा खोट्याला काय शिक्षा करायची हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"रोज नाही हो," ताई ओशाळून म्हणाल्या. "कुणी नवीन आलं की तेवढंच."

रीत म्हणजे रीत. सगळ्यांनी मिळून ताईंना खिडकीकडे ढकललं. तिथे वारा लागतो, तिथून दार दिसत नाही, रोपांना पाणी घालायचं राहिलंय, अशी शंभर कारणं त्यांनी सांगितली. अखेर त्या खिडकीजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या, परक्याच्या घरी टेकतात तशा. त्यांच्यापासून पार दूर, एकसष्ट, सदतीस, एकोणतीस असे सगळे खाली खाली ओळीने बसले होते आणि प्रत्येकाला बरंच हलकं वाटत होतं. आजोबांना तर इतकं हलकं वाटलं, की त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला.

फक्त चष्मेवाल्याला हलकं वाटत नव्हतं. कारण बायकोने हात झटकले होते आणि बॅग उचलली होती.

"सदतीस," ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "म्हणजे त्रेसष्ट उरले."

"हो."

"मी शंभर म्हटलं होतं."

"हो." रडू येत होतं, पण हे सदतीस दिवस तिला खोटं सांगितल्यावर वर रडून दाखवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं. "मी पुरे करतो. तू जा ताईकडे. पुरे झाले की कळवतो. खरे झाले तरच."

"तुम्ही कळवणार?" बायको म्हणाली. "तुम्ही? आणि हे?" तिने बॅगेनेच सगळ्या रांगेकडे हात केला. "अकरा माणसांत एकाचाही आकडा खरा नाही. ज्या बाईंचा आकडा मोठा त्या लहान सांगतात. तुमच्या मोजणीवर माझा काडीचा विश्वास नाही. उरलेले त्रेसष्ट मी मोजणार."

"मोज ना," तो म्हणाला. "रोज फोन कर. दिवसातून दोनदा कर."

"फोनवर मोजून काय झालं ते बघितलं मी आत्ता. मोजायचं तर समोर बसून मोजावं लागतं." तिने बॅग त्याच्या हातात दिली. बॅग चांगलीच जड होती. "चला. घरी पीठ आहे का दळलेलं, की तेही मीच बघायचं?"

तो बॅग घेऊन तिच्यामागे निघाला. मागून बेकरीवाल्याने विचारलं की मग केकचं काय करायचं, आणि तिने न वळता सांगितलं, दोन्ही शून्यं खरवडा आणि जो पुढचा नवीन येईल त्याला द्या. फुटकी पायरी आली तेव्हा चष्मेवाल्याने तिला हात दिला. आणि जे विचारू नये तेच त्याच्या तोंडून निघालं.

"पण मधेच पुन्हा चुकलो तर?"

ती पायरीवर थांबली. अवघड गणित समोर आल्यावर थांबते तेवढाच वेळ थांबली.

"तर त्याच दिवशी मला सांगायचं," ती म्हणाली. "मी परत एकपासून सुरू करीन. मोजायचा मला कंटाळा येत नाही."